झाकली मूठ, साडेसतरा लाखांची

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलं की पंधरा-एक किलोमीटरवर देवगिरीचा डोंगर समोर उभा राहतो. एकटा, शंकूसारखा, आणि खालून असा उभा तासलेला की घोरपडीलाही नख रोवायला जागा मिळू नये. पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक, तो ओलांडायला एक अरुंद वाट. पुढे अंधारी. गाइड मशाल घेऊन त्या वळणावळणाच्या भुयारात नेतो आणि मध्येच थांबून सांगतो, की इथे शिरलेली शत्रूची फौज काळोखात आपसातच कापली जायची. त्यातूनही कुणी वर पोचलाच तर भुयाराच्या तोंडावर निखारे पेटवून धूर आत सोडायचे. बुरुजावर मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड असलेली मेंढा तोफ आहे. तिचं दुसरं नाव किल्लाशिकन, म्हणजे किल्ला फोडणारी.

एवढा डोंगर तासायला किती हात लागले असतील, किती वर्षं गेली असतील, याचा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नाही. पण तो खर्च कशासाठी केला हे किल्ला पाहताक्षणी कळतं. लढाई जिंकण्यासाठी कमी, लढाई होऊच नये म्हणून जास्त. खंदक पाहून, अंधारीच्या गोष्टी ऐकून शत्रूने वाटेतूनच परत फिरावं, ही कल्पना. संरक्षणशास्त्राच्या पुस्तकांत तिला ‘प्रतिरोधन’ म्हणतात. आपल्याकडे तिच्यासाठी जुना, नेमका शब्द आहे: वचक.

या वचकाचं पुढे काय झालं? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला तेव्हा रामदेवराव यादवाची मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर होती. राजा किल्ल्यात शिरला. कातळ अभेद्यच होता, तो कुणी फोडला नाही. फरिश्ता या इतिहासकाराने पुढची हकीकत दिली आहे. घाईघाईत गडावर ज्या गोण्या चढवल्या त्या धान्याच्या समजून चढवल्या. वेढा पडल्यावर तोंड सोडून पाहिलं तर आत मीठ. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांचा तो माल होता. राजाला तह करावा लागला. ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितलेली असेलही. पण १६३३ मध्ये महाबतखानाने हाच किल्ला निजामशाहीकडून घेतला तेव्हाही तासलेल्या कड्याने दगा दिला नव्हता. आतल्या उपासमारीपुढे मलिक अंबरचा मुलगा फतेहखान शरण आला होता.

म्हणून वचकाचा हिशेब मांडायचा तर कातळाबरोबर कोठारही धरावं लागतं. या प्रकरणात आपण हाच हिशेब एका नव्या किल्ल्याच्या बाबतीत मांडणार आहोत. हा किल्ला दिसत नाही; तो अण्वस्त्रांचा आहे. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये भारताकडे सुमारे १८० अण्वस्त्रं होती, पाकिस्तानकडे सुमारे १७० आणि चीनकडे सुमारे ६००. आपला हा वचक राखायला पडतं किती, आणि त्यातून मिळतं काय?

तुर्भ्याचा अंदाज

या प्रश्नाचं पहिलं जाहीर उत्तर आकाशवाणीवरून आलं, तेही अगदी पैशांत. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिली अणुचाचणी केली. आठच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, डॉ. होमी भाभा आकाशवाणीवर बोलले. तुर्भ्याची अणुसंशोधन संस्था त्यांनी उभी केली होती. १९५६ मध्ये ‘अप्सरा’ आणि १९६० मध्ये ‘सायरस’ या अणुभट्ट्या तिथे सुरू झाल्या होत्या. भाषणाचा विषय निःशस्त्रीकरण होता, पण लोकांच्या लक्षात राहिले ते आकडे. दहा किलोटनांचा एक अणुबॉम्ब साडेसतरा लाख रुपयांत. दोन मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब तीस लाखांत. पन्नास अणुबॉम्बचा साठा दहा कोटींच्या आत आणि पन्नास हायड्रोजन बॉम्ब सुमारे पंधरा कोटींत. पुरेसे बॉम्ब असले तर दुबळ्या देशालाही बलाढ्य शत्रूवर वचक ठेवता येतो, असंही त्यांनी सांगितलं.

त्या काळच्या वाचकाच्या मनात कोणती तुलना आली असेल याची कल्पना करता येते. १९६२ च्या पराभवानंतर सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला होता. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि त्यांच्या पंचवार्षिक योजनेत सव्वाआठ लाखांचं सैन्य आणि हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन उभ्या करायच्या होत्या. त्या प्रचंड खर्चाशेजारी दहा कोटी म्हणजे किरकोळ. एवढ्यात वचक मिळत असेल तर घ्यायला काय हरकत आहे?

हरकत आकड्यांच्या मुळाशी होती. ते एका अमेरिकी अभ्यासातले होते. डोंगर फोडणं, कालवे खणणं अशा कामांसाठी अणुस्फोट वापरले तर एका स्फोटाला काय पडेल, याचा तो अंदाज होता. प्लुटोनियम तयार आहे, अणुभट्टी आहे, शुद्धीकरणाचा कारखाना आहे, शास्त्रज्ञ आहेत, हे सगळं त्यात धरलेलं होतं. अमेरिकेच्या बाबतीत ते खरंच होतं.

दोन वार कापडाचा भाव

जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. त्यांच्या जागी विक्रम साराभाई आले. ते अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरातले, त्यामुळे त्यांनी दिलेला दाखलाही कापडाचा होता. १ जून १९६६ च्या पत्रकार परिषदेत त्यांना बॉम्बची किंमत विचारली गेली. त्यांच्या उत्तराचा आशय असा: दोन वार कापड काही रुपयांत मिळतं हे खरं, पण ते विणायला आधी माग लागतो, गिरणी लागते. बॉम्बचंही तसंच. नुसता स्फोट करून संरक्षण होत नाही. तो वाहून नेणारी क्षेपणास्त्रं, रडार, संदेशयंत्रणा आणि हे सगळं पेलणारा उद्योग असल्याशिवाय तो कागदी वाघ आहे.

संभाजीनगरच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हिमरू शालीची किंमत तिच्या सुतावरून ठरत नाही. माग, नक्षी बांधणारा कारागीर, पिढ्यांचं कसब, सगळं त्या शालीत विणलेलं असतं.

साराभाईंचं म्हणणं किती खरं होतं, याचा पडताळा बत्तीस वर्षांनी आला, आणि तोही अमेरिकेतून. १९९८ मध्ये ब्रुकिंग्ज या संस्थेने अमेरिकेच्या अण्वस्त्रांचा सगळा जमाखर्च प्रसिद्ध केला. १९४० ते १९९६ या काळात अमेरिकेने त्यांच्यावर सुमारे साडेपाच लाख कोटी डॉलर खर्च केले होते. त्यात प्रत्यक्ष बॉम्ब बनवण्याचा वाटा फक्त सात टक्के. निम्म्याहून जास्त पैसा क्षेपणास्त्रं, विमानं, पाणबुड्या तयार करून त्या सज्ज ठेवण्यात गेला होता. रुपयातले सात पैसे मुठीत आणि उरलेल्यातले बहुतेक मूठ उगारणाऱ्या हातात.

शिवाय हा हात एकदा उगारला की खाली घेता येत नाही. आधुनिक बॉम्बची ताकद वाढवायला ट्रिटियम वायू वापरतात. तो सुमारे सव्वाबारा वर्षांत निम्मा उरतो, म्हणून पुन्हा पुन्हा बनवून भरावा लागतो. क्षेपणास्त्रातलं घन इंधन जुनं होतं. पाणबुडीची अणुभट्टी, पहारा, गुप्त संदेशवाहिन्या यांची निगा रोजची. किल्ल्याला दरवर्षी चुना लावावा लागतो, गडकऱ्यांना दरमहा पगार द्यावा लागतो, मग त्या वर्षी शत्रू येवो अथवा न येवो.

तारापूरला आलेलं बिल

काही खर्च सरकारी अंदाजपत्रकात कधीच दिसत नाही. त्याचं एक बिल महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलं.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला स्फोट झाला. त्याचं प्लुटोनियम तुर्भ्याच्या ‘सायरस’मधलं होतं. ही अणुभट्टी कॅनडाने दिली होती, तिचं जड पाणी अमेरिकेने. दोन्ही शांततेच्या कामासाठी. भारताने हा स्फोट शांततामय असल्याचं सांगितलं. कॅनडाला ते पटलं नाही, त्याने सहकार्य तोडलं. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी एकत्र येऊन गट केला आणि व्यापाराच्या अटी आवळल्या.

त्याची झळ तारापूरला बसली. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून वीज देत होत्या आणि त्यांना लागणारं समृद्ध युरेनियम तीस वर्षं पुरवण्याचा करार अमेरिकेशी झाला होता. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि इंधन अडकलं. वर्षानुवर्षं वाटाघाटी चालल्या. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी घेतली. पोखरणच्या वाळवंटातल्या स्फोटाचा हादरा असा मुंबईच्या विजेच्या तारांपर्यंत पोचला. सन २००० पर्यंत देशात दहा हजार मेगावॉट अणुवीज तयार करायचं स्वप्न होतं. ते साल उजाडलं तेव्हा आपण तीन हजारांच्याही आत होतो. सगळा दोष बंदीचा नव्हता. घरचे विलंबही होते. पण युरेनियम आणि यंत्रांचे दरवाजे २००८ पर्यंत जवळजवळ बंद राहिले ही किंमत खरीच.

प्रामाणिकपणे मांडायचं तर याच पानावर एक जमेची नोंदही आहे. दार बंद झाल्यावर माणूस घरात शोधाशोध करतो. रायगड जिल्ह्यातल्या थळला जड पाण्याचा कारखाना उभा राहिला. अणुभट्ट्या, मिश्रधातू, नियंत्रणयंत्रणा आपण स्वतः करायला शिकलो. महासंगणक मिळेना तेव्हा पुण्यात ‘सी-डॅक’मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. या शिकण्याला रुपयांत मोजता येत नाही, आणि ते बंदीशिवाय झालंच नसतं असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मूठ उघडली

१९७४ ते १९९८ ही चोवीस वर्षं भारताच्या वचकाचा स्वस्त काळ. झाकली मूठ सव्वालाखाची, ही म्हण देशाच्या धोरणासारखी चालली. बॉम्ब आहे असं म्हणायचं नाही, नाही असंही म्हणायचं नाही. शत्रूने जोखीम घ्यावी की न घ्यावी, ते त्याचं त्याने ठरवावं.

११ आणि १३ मे १९९८ ला मूठ उघडली. पोखरणला पाच चाचण्या झाल्या. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आर. चिदंबरम आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक अनिल काकोडकर यांचा त्यात मोठा वाटा होता. तीन आठवड्यांच्या आत, २८ आणि ३० मेला, पाकिस्ताननेही चाचण्या केल्या.

अमेरिका आणि जपानने लादलेले निर्बंध अपेक्षेइतके जड गेले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रिसर्जंट इंडिया’ रोख्यांत परदेशस्थ भारतीयांनी सव्वाचार अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम भरली, आणि २००१ मध्ये अमेरिकेचे निर्बंध उठले. खरी किंमत दुसरीकडे होती. रणगाडे, विमानं, सैन्य या सगळ्यांत आपण पाकिस्तानपेक्षा वरचढ होतो. दोघांच्या मुठी उघड झाल्यावर त्या वरचढपणाची धार गेली. पाकिस्तानने गुपचूप बॉम्ब केलाच होता हे खरं. पण तो चारचौघांत मांडायला आपण त्याला निमित्त दिलं.

४ जानेवारी २००३ ला सरकारने अण्वस्त्र धोरण जाहीर केलं. त्यातले दोन शब्दप्रयोग महत्त्वाचे. एक, आपण आधी वापरणार नाही. दोन, आपला वचक ‘विश्वासार्ह पण किमान’ असेल. ऐकायला हे काटकसरीचं वाटतं, पण यात एक छुपा खर्च आहे. पहिला वार खाऊन उलटा वार करायचा तर पहिल्या वारात न सापडणारी जागा हवी. अशी जागा समुद्राच्या पोटात असते. म्हणून पाणबुडी आली. ‘अरिहंत’ २००९ मध्ये विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. तिची छोटी अणुभट्टी तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी घडवली होती. २०१८ मध्ये तिने पहिली गस्त पूर्ण केल्याचं जाहीर झालं. २०२४ मध्ये तिची बहीण ‘अरिघात’ नौदलात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये अनेक स्फोटकं वेगवेगळ्या लक्ष्यांवर सोडू शकणाऱ्या ‘अग्नी-५’ची चाचणी झाली. साडेसतरा लाखांची मूठ, आणि तिच्याभोवती जमीन, आकाश, समुद्र असा तिपेडी हात.

या हाताचा वर्षाचा खर्च किती? सरकार तो वेगळा दाखवत नाही. अण्वस्त्रविरोधी ‘आयकॅन’ या संघटनेने २०२४ साठी भारताचा खर्च सुमारे २.६ अब्ज डॉलर, म्हणजे ढोबळमानाने बावीस हजार कोटी रुपये धरला आहे. संघटना अण्वस्त्रविरोधी आहे हे लक्षात ठेवून आकडा वाचावा, पण तोही २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकाच्या तीन-सव्वातीन टक्केच होतो. देशाच्या तिजोरीला हे झेपतं. अण्वस्त्रांमुळे भारत कंगाल होईल ही १९९८ मधली भीती खरी ठरली नाही.

मात्र आकडा छोटा आहे म्हणजे हलका आहे असं नाही. संभाजीनगरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, नाथसागर जलाशय भरलेला असला तरी. त्यावर उपाय म्हणून आखलेली नवी पाणीयोजना १,६८० कोटींची होती, ती पुढे २,७४० कोटींवर गेली. बावीस हजार कोटी म्हणजे अशा आठ योजना, आणि तेही दरवर्षी. म्हणून बॉम्ब नसता तर नळाला पाणी आलं असतं, असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. पाणी अडलं ते बॉम्बमुळे नव्हे. या उदाहरणात मला वेगळंच काही दिसतं. उघड्यावर खणलेल्या चराचा, सगळ्या शहराने रोज पाहिलेल्या कामाचा अंदाज जर हजार कोटींनी वाढत असेल, तर कुणालाच न दिसणाऱ्या कामाचा अंदाज कोण तपासतो?

लिंबू-मिरची की राखणदार कुत्रा

आता जमेची बाजू. इथे हिशेबनीस अडचणीत येतो, कारण वचकाचा फायदा म्हणजे न घडलेली गोष्ट.

गुलमंडीतला एखादा दुकानदार दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची टांगतो आणि सांगतो, आजवर दृष्ट लागली नाही. शेजारचा दारात कुत्रा बांधतो आणि सांगतो, आजवर चोर आला नाही. दोघांचाही पुरावा एकाच जातीचा आहे. तरी आपण कुत्र्यावर विश्वास ठेवतो, कारण कुत्रा भुंकल्यावर चोर पळताना कुणीतरी पाहिलेला असतो. मग अणुबॉम्ब यातलं काय? ते ठरवायचं तर चोर कधी थबकला का, हे पाहायला हवं.

असे थबकलेले क्षण आहेत. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ भारतीय जवानांनी प्राण दिले, तरी हवाई दलाला नियंत्रणरेषा न ओलांडण्याची सक्त ताकीद होती आणि लढाई त्या शिखरांपुरतीच राहिली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर दोन्ही सैन्यं दहा महिने समोरासमोर उभी होती; सुरुंग आणि अपघातांत शेकडो जवान गेले, पण युद्ध पेटलं नाही. १९७१ नंतर दोन देशांत सरसकट युद्ध झालेलं नाही. मोठ्या शेजाऱ्याने अणुबॉम्बची धमकी देऊन आपल्याला वाकवावं, हा प्रसंगही आलेला नाही. १९९४ मध्ये सुरक्षेच्या हमीवर आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडणाऱ्या युक्रेनचं पुढे काय झालं हे जगाने पाहिलं. ती चालवण्याच्या किल्ल्या मॉस्कोकडेच होत्या, हे खरं असलं तरी त्या धड्याचा ठसा पुसला जात नाही.

तेव्हा कुत्रा खरा आहे. फक्त या प्रसंगांकडे पुन्हा एकदा पाहिलं की ध्यानात येतं, थबकलो होतो आपणसुद्धा. शेजाऱ्याच्या दारातही कुत्राच आहे.

आणि कुत्रा दारात बसतो, गटारातून येणाऱ्याला अडवत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी मुंबईत १६६ जणांचे जीव घेतले. त्या रात्री तुर्भ्याचं अणुकेंद्र सीएसटी स्थानकापासून फार लांब नव्हतं. त्याच्या वचकाचा उपयोग मात्र शून्य होता. ग्लेन स्नायडर या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच हा पेच मांडला होता: वरच्या मजल्यावर अण्वस्त्रांनी स्थैर्य आलं, की खालच्या मजल्यावर छोट्या कुरापती काढायला मोकळीक मिळते, कारण त्यासाठी महायुद्ध कुणी छेडणार नाही ही खात्री असते. २०१६ मधले लक्ष्यभेदी हल्ले, २०१९ चं बालाकोट आणि मे २०२५ मधलं ऑपरेशन सिंदूर हे त्या खालच्या मजल्यावर जागा शोधण्याचे आपले प्रयत्न. दर वेळी जिना थोडा जास्त चढला गेला. सुदैवाने दर वेळी दोघं खालीही उतरले. बॉम्ब आला म्हणून पायदळ, विमानं, किनाऱ्यावरचा पहारा यांतला एक रुपयाही वाचला नाही, तो यामुळेच.

एक टक्क्याचं गणित

खर्चाच्या बाजूला शेवटची नोंद उरते, आणि तीच सगळ्यांत मोठी: चूक.

९ मार्च २०२२ ला देखभालीच्या कामात भारताचं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानातल्या मियां चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटक नव्हतं, जीवितहानी झाली नाही. भारताने चूक मान्य केली, पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. ब्राह्मोस हे काही आपल्या अण्वस्त्रांच्या ताफ्यातलं नव्हे. पण पलीकडच्या रडारवर ठिपका उमटतो तेव्हा त्याच्या पोटात काय आहे हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. सप्टेंबर १९८३ मध्ये सोव्हिएत रशियाच्या उपग्रहांनी अमेरिकेची क्षेपणास्त्रं येत असल्याचा इशारा दिला होता. तो खोटा असावा असं पाळीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याला वाटलं, आणि तसंच निघालं. दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यात क्षेपणास्त्राला लागणारा वेळ काही मिनिटांचा. पेत्रोवला विचार करायला मिळाला त्याहून कमीच.

समजा, एखाद्या वर्षी अशी चूक अणुयुद्धापर्यंत जाण्याची शक्यता शंभरात एक आहे. हा आकडा केवळ गणितापुरता धरलेला. एका वर्षी न घडण्याची शक्यता ९९ टक्के, म्हणजे आपण निर्धास्त. दोन वर्षांसाठी ९९ टक्क्यांचे ९९ टक्के. असं गुणत गेलं तर पन्नास वर्षांत एकदाही न घडण्याची शक्यता साठ टक्क्यांवर येते. म्हणजे आज जन्मलेलं मूल पन्नाशीला येईतो ते घडण्याची शक्यता जवळपास चाळीस टक्के. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने भारत-पाकिस्तान अणुयुद्धात पाच ते साडेबारा कोटी माणसं मरतील असा अंदाज ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात मांडला. हिरोशिमात एका बॉम्बने १९४५ अखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली होती.

या गणितातून एक व्यवहारी गोष्ट निघते. शक्यता शंभरात एकवरून हजारात एक केली, तर पन्नास वर्षांतला धोका चाळीसवरून पाच टक्क्यांवर येतो. आणि त्याला नवा बॉम्ब लागत नाही. आधी न वापरण्याचं वचन, घाईने कळ दाबावी लागू नये अशी रचना, दोन सेनादलांतला थेट दूरध्वनी, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा ३१ डिसेंबर १९८८ चा करार. त्या करारानुसार दर १ जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून हा रिवाज चालू आहे; कारगिलच्या वर्षानंतरही चुकला नाही, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरही नाही. सगळ्या वचकात सर्वांत स्वस्त वस्तू हीच असावी: दोन लिफाफे.

गोणीत हात घालणारा कारकून

मग बेरीज काय येते? प्रत्येक देशाची वेगळी. दक्षिण आफ्रिकेने सहा बॉम्ब केले होते; सीमेवरचा धोका ओसरला आणि राजवट बदलू लागली तशी त्याने ते मोडून टाकले आणि मार्च १९९३ मध्ये जगाला सांगितलं. ब्रिटनने चार नव्या पाणबुड्यांसाठी ३१ अब्ज पौंड आणि वर दहा अब्जांची राखीव तरतूद करून वचक पुढच्या पिढीकडे न्यायचं ठरवलं. भारताच्या दोन सीमांवर दोन अण्वस्त्रधारी शेजारी आहेत आणि त्यातल्या एकाचा साठा झपाट्याने वाढतो आहे. माझ्या मते आज तरी आपली मूठ सोडून देण्याजोगी नाही.

पण मूठ ठेवायची म्हणजे ती फुगवत न्यायची असं नव्हे. ‘किमान’ हा शब्द रबरासारखा आहे. चीनकडे ६०० झाले, मग आपल्याला १८० पुरतील का? आपण वाढवले की पाकिस्तान वाढवणार. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: यामुळे शत्रू आणखी घाबरेल, की फक्त आपला खर्च आणि चुकीची शक्यता वाढेल? पहिला बॉम्ब नसण्यात आणि असण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकशे ऐंशी आणि दोनशे ऐंशी यांत तेवढा नसतो. मुंबई एकदाच जळू शकते, लाहोरही एकदाच.

हे कुणी तपासायचं? इथे झाकल्या मुठीचा दुसरा अर्थ आडवा येतो. किती बॉम्ब, कुठे, कसे, हे शत्रूला कळू नये ते रास्तच. मात्र ब्रिटनही आपल्या पाणबुड्या कुठे फिरतात ते कुणाला सांगत नाही, आणि त्यांच्यावर किती पौंड खर्च होणार ते संसदेपुढे ठेवतो. मूठ शत्रूसाठी झाकायची असते. कोठार धन्यापासून झाकून ठेवलं तर त्यात काय भरलंय ते वेढा पडल्यावरच कळतं.

देवगिरीची अंधारी चढून वर आलं की वारा अंगावर येतो आणि खाली दूरवर माळ दिसतो. यादवांचा दरारा, तासलेला कडा, सगळं जागच्या जागी होतं. कमी होता तो एक कारकून, जो गोण्या गडावर चढण्याआधी त्यातल्या एखादीचं तोंड सोडेल, आत हात घालेल आणि चिमूटभर जिभेवर ठेवून पाहील.